नामंजूर अर्जांचं वाचन

माझी सगळी नोकरी टेंडर विभागात गेली. लाखेनं बंद केलेली पाकिटं ताब्यात घ्यायची, कपाटात ठेवायची, किल्ली पर्समध्ये टाकायची आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांच्या देखत ती उघडायची. एका पाकिटातलं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, हे माझं काम. ते मी इतकं चोख केलं की अंगातच भिनलं. घरी भाजी कुठली केली आहे हेसुद्धा पान वाढेपर्यंत सांगत नाहीस, असं माझा नवरा अजून म्हणतो.

निवृत्तीनंतर नवीन पनवेलमध्ये आमच्या सेक्टरच्या कडेच्या तळ्यात मी लक्ष घातलं. सेक्टर आखताना जुन्या गावाचं एक तळं मधेच राहून गेलं होतं. लोक त्यात निर्माल्य टाकायचे, कुणी बांधकामाचा राडारोडा आणून ओतायचं. आम्ही दहाबारा रिकामटेकड्या म्हाताऱ्यांनी गट केला आणि एका कंपनीच्या प्रतिष्ठानाकडे अर्ज धाडला. हे प्रतिष्ठान आमच्या भागातल्या लहानसहान पर्यावरण गटांना दरवर्षी मदत देतं. अर्ज मी लिहिला आणि पहिल्याच खेपेला मंजूर झाला. माझे पाय जमिनीला लागेनात. अर्जाची प्रत मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

पंधरवड्यात एक गृहस्थ घरी आले. जुन्या पनवेलमधल्या उर्दू शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गाढी नदीच्या काठावर त्यांचा गट काम करतो. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तर चहा ढवळत म्हणाले, "मॅडम, अर्ज मंजूर झाला, मुबारक. आता थोडी तकलीफ देतो. दुसऱ्या रविवारी आमच्याकडे येऊन तो वाचून दाखवा."

"सगळा?"

"सगळा. आणि आधीचे नामंजूर झालेले असतील, ते तर जरूर आणा."

माझा एकही अर्ज नामंजूर झालेला नाही, हे मी त्यांना मान ताठ करून सांगितलं. ते कौतुकानं हसले आणि म्हणाले, "मग तुमचं बरंच शिकायचं राहिलंय." मला असा राग आला की ते गेल्यावर मी त्यांचा कप जरा आपटूनच विसळला.

तरी गेले. पूर्ण वाचायचा नाही, अर्धाच वाचायचा, असं ठरवून गेले.

मास्तरांच्या जुन्या शाळेतला एक वर्ग रविवारी मिळायचा. तिथं पनवेलच्या आसपासचे पाचसहा गट जमायचे. प्रत्येक गट आपला नामंजूर झालेला अर्ज आणायचा आणि उभं राहून मोठ्यानं वाचायचा. नियम दोनच. वाचणाऱ्यानं निधी देणाऱ्यांना दोष द्यायचा नाही आणि ऐकणाऱ्यांनी वाचणाऱ्याची समजूत काढायची नाही. वाचून झालं की अर्ज कुठं पडला ते सगळ्यांनी मिळून शोधायचं आणि मास्तरांनी ते फळ्यावर एका ओळीत लिहायचं. मंजूर झालेला अर्जही वाचायचा, पण सगळ्यात शेवटी, आणि पुढची मुदत संपायच्या आत, म्हणजे बाकीच्यांना त्याचा उपयोग होईल.

त्या दिवशी खाडीकाठच्या गावातला एक मासेमारी करणारा माणूस उभा राहिला. चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. त्यानं खारफुटीवरचा आपला अर्ज अडखळत वाचला. मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली, "तुमी जैवविविधता लिवलंय चार येला. पन मासा कुठला, त्याचं नावच नाय लिवलं." त्या माणसाला खाडीतल्या माशांची पन्नासेक नावं तरी पाठ असतील. अर्जात एकही नव्हतं. तो चष्मा काढून स्वतःच हसला. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'आपल्याला जे येतं तेच लिहायचं राहिलं.' सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मी मागे बसून हे पाहत होते. उभ्या नोकरीत मी हजारो पाकिटं उघडली असतील, पण हरलेल्या माणसानं आपण कसे हरलो ते चारचौघांत वाचून दाखवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हरलेली माणसं आमच्या ऑफिसच्या जिन्यावरून मान खाली घालून जायची आणि आम्ही त्यांचे कागद बांधून तळघरात टाकायचो. त्या कागदांत किती शहाणपण कुजलं असेल, हा विचार माझ्या मनाला पहिल्यांदा शिवला. माझी पाळी आली तेव्हा मी अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. अर्धा वाचायची मला लाज वाटली.

वाचन संपल्यावर ती मागच्या बाकावरची बाई माझ्याकडे आली. पळस्प्याच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला तिची वाडी आहे. वाडीतल्या बायकांच्या गटाची ती अध्यक्ष, म्हणून मी तिला अध्यक्षबाई म्हणू लागले, आधी थट्टेनं आणि नंतर खरोखरच्या आदरानं. नाव लिहू नका, असं तिनंच मला बजावलं आहे. ती म्हणाली, "मॅडम, तुमचं लिवनं गोड हाय. आमचंबी लिवून द्या."

तिचं मागणं साधं होतं. वाडीला पाण्याचा एकच झरा. वाडीत कुणाला जमीन नाही. दिवाळी झाली की धडधाकट माणसं वीटभट्टीवर जातात आणि म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं मागे राहतात. झरा मार्चमध्ये आटतो. आटला की मागे राहिलेल्यांनाही भट्टीवर न्यावं लागतं. तिची थोरली मुलगी अशीच आठवीतून सुटली आणि आता तीही विटा थापते. धाकटी त्या वर्षी आठवीत होती. अध्यक्षबाई म्हणाली, "ही हुशार हाय. दहावीची परीक्षा मार्चात असते. तवर झऱ्यानं दम धरला पायजे."

मी भारावून हो म्हणाले. ती म्हणाली, "एकदा वर या बगाया." मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखत होते हे खरं, पण त्याच महिन्यात मी मैत्रिणींबरोबर गणपतीपुळ्याला जाऊन आले होते.

अर्ज मी घरी बसून लिहिला. लिहिला कसला, कपाटातून माझा काढला आणि जिथं तळं होतं तिथं झरा घातला. भाषा ओघवती, हेतू स्पष्ट, मुद्दे क्रमानं. मला तो फार आवडला. अध्यक्षबाईनं अंगठ्याऐवजी मोठ्या अभिमानानं सही केली आणि अर्ज गेला.

दिवाळीच्या तोंडावर तो नामंजूर होऊन परत आला. का, ते मला रविवारच्या वाचनात कळलं.

अध्यक्षबाईला अक्षर ओळखता येतं, पण सलग वाचता येत नाही. म्हणून तिची धाकटी उभी राहिली. दोन वेण्या, शाळेचाच गणवेश, आवाज खणखणीत. तिनं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर आली. "सदर झऱ्याभोवती आजूबाजूच्या सोसायट्यांमधील ज्येष्ठ नागरिकांना सकाळच्या फेरफटक्यासाठी मार्ग व बसण्यासाठी बाके उपलब्ध होतील."

मुलगी पुढे वाचत राहिली. पुढे झऱ्यात निर्माल्य टाकू नये म्हणून कलश ठेवण्याचीही सोय होती.

प्रतिष्ठानाकडून पाहणीला आलेली तरुण अधिकारी डोंगर चढून वर गेली होती. अर्ज हातात धरून तिनं अध्यक्षबाईला विचारलं होतं, बाकं कुठं ठेवणार. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. अर्ज कुणी लिहिला हे अध्यक्षबाई वर्गात बोलली नाही. ती एवढंच म्हणाली, "बाकं चांगलीच व्हती. पन आमच्याकडं बसाया येल कुनाला हाय?" कुणी हसलं नाही, आणि त्या न हसण्यानं मी जास्त मेले. मी उभी राहिले आणि सांगितलं की अर्ज मी लिहिला आहे आणि झरा मी पाहिलेला नाही. मास्तरांनी माझ्याकडे न बघता फळ्यावर लिहिलं, 'जागा न पाहता लिहिला.' मी माझ्याच हातानं ते वहीत उतरवलं.

त्या मार्चमध्ये झरा आटला आणि धाकटी भट्टीवर गेली. तिच्या शाळेतल्या बाई भल्या, त्यांनी जूनमध्ये तिची वेगळी परीक्षा घेऊन तिला नववीत घातलं. दहावीचं बोर्ड कुणासाठी असं थांबत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मेअखेरीला वाडीची माणसं परतली आणि जूनच्या पहिल्या पावसांनी झरा पुन्हा पाझरू लागला, तशी मी डोंगर चढले. पळस्प्यापर्यंत रिक्षानं गेले आणि पुढे अध्यक्षबाईच्या मागून. दर दहा पावलांवर मी थांबायची. ती थांबली की काहीतरी कामाचं करायची, काटक्या वेचायची किंवा वाटेवरचा धोंडा बाजूला सारायची, म्हणजे मला वाटू नये की ती माझ्यासाठी थांबली आहे.

झरा म्हणजे एका काळ्या खडकाखालची ओली भेग. तिच्या तोंडाशी वाटीएवढा खळगा. अध्यक्षबाईनं नारळाची करवंटी घेतली, खळग्यात साठलेलं पाणी हंड्यात ओतलं आणि पुन्हा खळगा भरायची वाट पाहत बसली. मी घड्याळाकडे बघायला लागले. ती म्हणाली, "बगू नका. उगाच जीव जातो." एका हंड्यासाठी आम्ही तिथं इतका वेळ बसलो की माझ्या अंगावरची सावली पार सरकून गेली आणि हंडा निम्माही झाला नव्हता.

त्या वेळात ती बोलत होती, आणि मी जे ऐकलं ते आयुष्यात कुठल्या तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भेगेत हात घालून तिनं एक लहानसा खेकडा बाहेर काढला, मला दाखवला आणि जपून परत सोडला. "हा हाय तवर पानी जिवंत हाय. हा गेला का समजायचं, आठ दिवसांत सुकनार." मग तिनं वर बोट दाखवलं. डोंगराच्या वरच्या टप्प्यावर दुसरी एक वाडी आहे. तिथल्या लोकांना थोडी भातशेती आहे. पेरणीआधी ते जमिनीवर पालापाचोळा आणि गवत जाळून राब भाजतात. ती म्हणाली, "वरच्यांनी त्या उंबराच्या बाजूला राब भाजला ना, का पावसात आमच्या झऱ्याला राखेचा वास येतो. दुसऱ्या बाजूला भाजला त नाय येत. आमचं पानी तिकडून येतं, उंबराच्या अंगानं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. डोंगराच्या पोटातून, कुणालाही न दिसणाऱ्या वाटेनं पाणी कुठून कुठं जातं, हे या बाईनं नाकानं शोधून काढलं होतं. "हे कुणी शिकवलं?" मी विचारलं. तिला प्रश्नच समजला नाही. पाणी रोज प्यायचं आणि त्याचा वास घ्यायचा नाही, असं कसं, असा तिचा चेहरा होता. मला माझ्या ओघवत्या भाषेची, त्या प्लॅस्टिकच्या फोल्डरची, सगळ्याचीच लाज वाटली. त्याबरोबर एक विलक्षण आनंदही झाला, इतकं मोठं काहीतरी अजून बघायचं शिल्लक होतं म्हणून.

दुसरा अर्ज आम्ही तिच्या अंगणात बसून लिहिला. ती सांगायची, मी लिहायची आणि धाकटी मोठ्यानं परत वाचायची. अध्यक्षबाईनं जमिनीवर खडे मांडून डोंगर दाखवला. इथं उंबर, इथं माळ, इथं आमचा खडक. पावसाचं पाणी मुरावं म्हणून उताराला आडवे चर कुठं खणायचे, तेही तिनं दाखवलं. तो नकाशा मी तसाच उतरवला. अर्जात एक प्रश्न असतो, यशाचे मोजमाप कसे कराल. मी लिटर वगैरे सुचवायला लागले. ती म्हणाली, "मार्चात हंडा भराया किती येल लागतो, त्येच मोजमाप." मास्तरांना फोनवर वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "एक हर्फ बदलू नका."

अर्ज पाठवायच्या आधी आठ दिवस मला कळलं की अध्यक्षबाई वरच्या वाडीत जाऊन आली. वरच्यांनाही त्याच निधीसाठी अर्ज करायचा होता. कसा लिहायचा ते त्यांनी विचारलं आणि हिनं सगळं सांगितलं. डोंगराच्या त्या अंगाला यंदा एकाच गावाला मदत मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय या दोन वाड्यांचं गुरांवरून आणि लाकडावरून वर्षानुवर्षं जमत नव्हतं. माझा पारा चढला. मी फोन केला.

"तुम्ही आपला अर्ज त्यांना दाखवलात?"

"दाखवला नाय. पोरीनं वाचला. आपली रीतच हाय ना."

"ती रीत झालेल्या अर्जांची. अजून आपलं पाकीट गेलं नाही. ते तुमच्यासमोर उभे आहेत, कळतंय का?"

"त्यांनी इचारलं, मी सांगितलं. पानी कुठून येतं, खेकडा काय सांगतो, अधिकारी काय बगते. त्यांना कोन सांगनार, मॅडम? तुमी गेल्या असत्या वर?"

मी फोन ठेवला. पुढचे पंधरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही, अर्ज मात्र मुदतीत धाडला. नवऱ्यालाही मी ऐकवत राहिले की या बाईनं पोरीच्या दहावीवर आपल्या हातानं पाणी सोडलं. त्यानं वर्तमानपत्र खाली न घेता विचारलं, "पोर तिची आहे की तुझी?" मी त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

निकाल लागला. वरची वाडी मंजूर. खालची नामंजूर.

मी म्हटलं होतं तसंच झालं होतं, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. पत्र मी दोनदा वाचलं. त्यात एकच कारण होतं. पाणी ज्या उतारावर मुरतं तो उतार अर्जदार वाडीच्या हद्दीत नाही, त्यामुळे तिथं काम करण्याचा अधिकार अर्जदारांना नाही. हे प्रतिष्ठानाला कुठून कळलं? आमच्याच अर्जातून. आम्ही खरं लिहिलं होतं, नकाशा काढून लिहिलं होतं. बाकांचा अर्ज खोटा म्हणून पडला आणि हा खरा म्हणून. मी अध्यक्षबाईला फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रविवारी या. वाचायचा हाय ना."

त्या रविवारी वर्ग गच्च भरला होता. भट्टीवर जायच्या आधीचा तो शेवटचा रविवार. धाकटीनं आपल्या वाडीचा अर्ज वाचला आणि पत्रही वाचलं. तिचा आवाज शेवटी जरा खाली आला, पण थांबला नाही. समजूत काढायची नाही हा नियम मला त्या दिवशी फार कठोर वाटला. मास्तरांनी खडू उचलला. मग त्यांनी लिहिलं, 'पाणी इथलं, उतार तिथला.' खाली त्यांनी काहीच लिहिलं नाही.

मग मंजूर अर्जाची वेळ आली. वरच्या वाडीतली एक वयस्क बाई उठली. पदर खोचलेला, हातात कागद, पण वाचता येत नव्हतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि कागद सरळ धाकटीपुढे धरला. "बाय, तुझा आवाज बरा हाय. आमचाबी वाच." मला वाटलं हे जरा अतीच झालं. पोरीनं आपला हरलेला कागद नुकताच खाली ठेवला होता. तिनं आईकडे पाहिलं, आईनं मान हलवली आणि ती वाचू लागली.

वरच्यांचा अर्ज साधा होता. चर किती, कुठं, कोण खणणार. पहिले चर उंबराच्या बाजूच्या माळावर खणायचे होते. त्यांच्या स्वतःच्या विहिरीकडे जाणारा उतार दुसऱ्या अंगाला होता, तो नंतर. उंबराच्या बाजूला राब भाजायचा नाही, असं गावानं बसून ठरवल्याचंही लिहिलं होतं. मग धाकटी शेवटच्या प्रश्नावर आली.

"यशाचे मोजमाप कसे कराल. खालच्या वाडीच्या झऱ्यावर मार्च महिन्यात एक हंडा भरायला..."

ती तिथं थांबली. तिनं ती ओळ मनातल्या मनात परत वाचली असावी, कारण तिचे ओठ हलले. मग तिनं वाक्य पुरं केलं. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि रुमाल शोधत होते.

मी न राहवून अध्यक्षबाईला विचारलं, "हे तुम्ही लिहायला सांगितलंत?"

"नाय," ती म्हणाली. तिचेच डोळे भरले होते. "मी फकस्त पानी कुठून येतं त्ये सांगितलं."

वरच्या वाडीतली बाई अजून उभीच होती. तिला आपण काही फार केलं असं वाटत नव्हतं, उलट ती ओशाळल्यासारखी दिसत होती. ती म्हणाली, "राब आमी आजा पणज्यापासून भाजतोय. तुमच्या पान्याला वास येतो, हे आमाला कुनी सांगितलंच नवतं. आता कळलं. कळल्यावर कसं भाजायचं?"

मला हुंदका आला. टेंडर विभागातली मी, सगळ्या वर्गासमोर रडले. रडताना मला वाटत होतं की आपण फार मोठं काहीतरी बघतो आहोत आणि ते बघायची आपली लायकी नव्हती, तरी बघायला मिळालं. कुणी माझी समजूत काढली नाही. नियमच होता तसा.

त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वरच्यांनी चर खणले. खालच्या वाडीत मागे राहिलेल्या तिघा म्हाताऱ्यांनीही झरा असेपर्यंत जमेल तशी माती ओढली. त्या मार्चमध्ये झरा आटलाच, कारण चरांनी अजून पाऊस पाहिला नव्हता, आणि धाकटी नववीची वार्षिक परीक्षा पुन्हा बाईंच्या मेहेरबानीनं जूनमध्ये देऊन आली. मग पावसाळा झाला. धाकटी दहावीत गेली. दिवाळीनंतर अध्यक्षबाई भट्टीवर निघाली तेव्हा धाकटीला तिनं आजीजवळ ठेवलं. जाताना ती मला म्हणाली, "झऱ्यानं दगा दिला त कळवा. येऊन नेईन." मी हो म्हणाले आणि मनातल्या मनात देवाला हात जोडले. फेब्रुवारीत दर चार दिवसांनी मी धाकटीला फोन करायची. पाणी येतंय, ती म्हणायची. बारीक येतंय, पण येतंय. मार्च लागला तसा मी फोन करायचाच सोडला. मला ऐकायची भीती वाटत होती.

परीक्षेचं केंद्र नवीन पनवेलच्या एका शाळेत आलं होतं. पहिल्या पेपरच्या दिवशी मी उजाडताच गाडी करून डोंगराच्या पायथ्याशी पोहोचले. धाकटी पायथ्याला येऊन थांबणार होती. ती तिथं नव्हती. मी वाट पाहिली, चिडले, मग घाबरले. आजीचं काही झालं, की पाणीच गेलं, की आई रात्री येऊन घेऊन गेली. गुडघे विसरून मी अर्धी चढण चढले.

ती वरून धावत येत होती. हातात पॅड, खांद्यावर दप्तर आणि केस मोकळे, ओलेचिंब. गणवेशाची पाठ भिजली होती. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. मी ओरडले, "आज बोर्डाचा पेपर आणि तू न्हात काय बसलीस?"

ती धापा टाकत माझ्यापाशी आली, केस मुठीत धरून पिळले आणि लाजून हसली. "मॅडम, पानी व्हतं," ती म्हणाली. "आजी बोलली, पेपर हाय, डोक्यावरून न्हाऊन जा."

मार्च महिना होता. मी तिच्या हातातलं पॅड घेतलं, म्हणजे तिला वेण्या घालता येतील, आणि आम्ही भराभर खाली उतरलो.